बाण, दारू आणि पाणी

रॉकेटला मराठीत जुना, स्वतःचा शब्द आहे : बाण. दिवाळीत बाटलीत उभा करून पेटवतात तोच. पण फटाक्यांच्या दुकानात येण्याआधी हा शब्द फौजेत होता. अठराव्या शतकात मराठ्यांच्या, निजामाच्या आणि म्हैसूरच्या लष्करात बाण चालवणारे लोक असत. हैदरअली आणि टिपूच्या कारागिरांनी दारू लोखंडी नळीत ठासली. लोखंडात जास्त दाब टिकतो, म्हणून त्यांचा बाण लांब जायचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रेव्हने ते पाहून आपली रॉकेटं तयार केली. २०१८ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या एका पडीक विहिरीत हजाराहून जास्त बाण सापडले. अब्दुल कलामांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की अमेरिकेत वॉलॉप्सच्या तळावर त्यांना भिंतीवर एक लढाईचं चित्र दिसलं. त्यात रॉकेट सोडणारे सैनिक सावळे होते. ते टिपूचे होते.

दुसरा शब्द दारू. मराठीत प्यायची तीही दारू आणि उडवायची तीही दारू. लहानपणी 'शोभेची दारू' अशी पाटी वाचून मी अब्बांना विचारलं होतं, की ही हराम की हलाल? अब्बा खूप हसले, उत्तर काही दिलं नाही. शब-ए-बारातला फटाके उडवू नका, असं मशिदीतून दरवर्षी सांगत आणि मोहल्ल्यातली पोरं दरवर्षी उडवत. लग्नाच्या वरातीत, उरुसात, गावच्या जत्रेत दारूकाम करणारे कितीतरी कारागीर आमच्यातलेच. बारूद आम्हाला परकी नाही, इतकंच सांगायचंय.

धुळ्याला माझी आपा राहते. तिचा मुलगा आठवीत आहे. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पोरांची रॉकेटं पाहिली. पुठ्ठ्याची नळी, लाकडाचे पंख, बटण दाबलं की सूं करून वर आणि मग छत्री उघडून खाली. त्याने मला जळगावला फोन केला, "मामू, ते इंजिन कुठे मिळतं?"

प्रश्न बरोबर होता. या छंदाची सगळी किल्ली त्या इंजिनात आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत पोरं घरीच दारू कालवून लोखंडी नळ्यांत भरत होती आणि हातपाय, डोळे गमावत होती. ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या एका चपला-बूट विकणाऱ्या माणसाने १९५४ मध्ये कागदाचं हलकं रॉकेट बनवलं. त्यात तयार, एकदाच वापरायचं छोटं इंजिन बसायचं. हॅरी स्टाइन या रॉकेट तज्ज्ञाला ते पटलं. मग इंजिनं हजारोंनी बनवून देणारा कोणी हवा होता. तो सापडला व्हर्न एस्टेस, कोलोरॅडोतल्या फटाकेवाल्या घरातला मुलगा. १९५८ मध्ये त्याने इंजिनं भरणारं यंत्रच बनवलं. नियम साधा होता : मुलाने दारूला हात लावायचा नाही. रॉकेट त्याचं, इंजिन कारखान्याचं. हे वाचताना मला राहून राहून आमचे दारूकामवाले आठवत होते. हात तेच, कसब तेच. त्यांच्याकडे कोणी स्टाइन आला नाही.

आपल्याकडे ते इंजिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. स्वतः भरायला जाल तर १८८४चा स्फोटकांचा कायदा आहे, २००८चे नियम आहेत, आणि परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. आठवीतल्या पोराने नागपूरला अर्ज करायचा का? कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पोरांनी घरात दारू कुटू नये, हे मलाही मान्य आहे. पण मनाई करून थांबणं आणि सुरक्षित वाट काढून देणं यात अंतर आहे, आणि आपण पहिल्या पायरीवरच बसलोय.

आपाला कायदा माहीत नव्हता. तिला मालेगाव माहीत होतं. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. मालेगावला बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. नमाजला आलेले लोक गेले. पकडले गेले तेही मुसलमानच, नऊ जण. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, २०१६ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं. तोवर एक जण वारलाही होता. मालेगाव धुळ्याहून जेमतेम तासाभरावर आहे. त्या काळात धुळ्यात, जळगावात कित्येक घरांतून मुलांना सांगितलं गेलं : घड्याळ खोलू नकोस, बॅटऱ्या, तारा गोळा करू नकोस. आपा फोनवर एवढंच म्हणाली, "नळी, बारूद आणि आपलं नाव. तूच सांग मला." तिच्या बैठकीत कलामांचा फोटो आहे. आमच्या बहुतेक घरांत असतो. मुलाने कलाम व्हावं असं सगळ्यांना वाटतं, फक्त नळी हातात घेऊ नये.

मी तिला भित्री म्हणालो नाही. ती भित्री नाहीच. मी त्याला पाण्याचं रॉकेट सुचवलं.

जळगाव हे पाइपांचं गाव आहे. पीव्हीसीचे, ठिबकचे तुकडे, जोड, वायसर इथे सहज मिळतात. पिशवी भरून धुळ्याला नेली. बाटली थंड पेयाचीच लागते. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, फाटते. गॅसच्या पेयाची बाटली दाब सोसायलाच बनवलेली असते. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरायचं, तोंडाला बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपाने हवा भरली की आतली हवा पाणी खाली ढकलते आणि बाटली वर जाते. नुसती हवा भरली तर बाटली फुस्स होते. पाण्याला वजन आहे, ते जोराने मागे फेकलं जातं म्हणून पुढे धक्का बसतो. काँग्रेव्हचं रॉकेटही याच नियमाने जायचं आणि थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ला उडालेलंही. इथे आग तेवढी नाही. दाबाला मात्र हलकं घेऊ नये. आम्ही ६० पौंडांच्या वर जात नाही, आणि खिट्टी दहा मीटर दोरीने ओढतो.

लळिंगच्या बाजूला ओळखीच्या शेतात पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. पहिली बाटली आडवी पळाली आणि बांधावर आपटली. पंख वाकडे चिकटवले होते. शेतमालक काका येऊन उभे राहिले, "हाई काय शे रे भो?" पोराने सांगितलं. काका बसले ते उठेनात. पाचव्या वेळी बाटली सरळ गेली, पाण्याची पांढरी शेपटी सोडत. भाचा तीस मीटरवर कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभा होता. कोन भरला ४५ अंश. म्हणजे उंची अंतराइतकीच, तीस मीटर, अधिक त्याच्या डोळ्यांची उंची. त्रिकोणमिती त्याला अजून शिकवलेली नाही. दुसऱ्या कोनांसाठी तो आलेख कागदावर त्रिकोण काढून मोजतो. चुकतो, खोडतो, पुन्हा काढतो.

आता त्याला छत्री बसवायची आहे. कॅरीबॅगची केलीय, पण ती वेळेवर उघडत नाही. बाटली टोकावर पोचली की टोपी सैल होऊन पडायला हवी, ती अडकते. शाळेतले चार मित्र येतात, त्यात दोन पाटील, एक अन्सारी, एक वाणी. काका आता शेत नांगरायच्या आधी फोन करतात.

आपा अजून शेतावर आलेली नाही. तिने एक अट घातली, ती पोराने पाळली. प्रत्येक बाटलीवर आणि खालच्या पाइपवर काळ्या मार्करने, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेलं असतं : पाणी.