अडीच रुपयांची वीज

कल्याण पश्चिमेला चिकणघर भागात माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. सहा टेबलं, भिंतीलगत एक लांब बाक, काउंटरमागे मशीन आणि गॅसची शेगडी. त्याआधी काही वर्षं मी ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या साखळी कॅफेत शिफ्ट सांभाळायचे. गिऱ्हाईक कितीही वेळ बसलं तरी त्याला उठवायचं नाही, हे तिथे सुरुवातीलाच शिकवलं होतं. जागा ऐसपैस, भाडं कंपनी भरणार, त्यामुळे नियम पाळणं सोपं होतं. स्वतःचं दुकान टाकल्यावर तोच प्रश्न रोजचा झाला. एक कॉफी घेऊन लॅपटॉप लावून दुपार काढणाऱ्याला काय म्हणायचं?

आजूबाजूच्या दुकानदारांचा सल्ला एकच होता. "ताई, प्लग बंद करून टाका. फुकटची वीज मिळते म्हणून बसतात."

मी बिल काढून हिशेब केला. लॅपटॉपचा चार्जर साधारण 65 वॉटचा असतो. तो पूर्ण क्षमतेने तीन तास चालला तरी युनिटचा पाचवा हिस्सा जळतो. दुकानाला महावितरणचा व्यापारी दर लागतो; वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरून मला एक युनिट बारा-तेरा रुपयांना पडतं. म्हणजे तीन तासांचे झाले अडीच रुपये. फोनची तर गोष्टच सोडा. एका युनिटमध्ये चाळीसएक फोन पूर्ण चार्ज होतात. याउलट दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट खातो, आणि दुकानात एक माणूस असो की वीस, तो चालूच ठेवावा लागतो.

खरा खर्च खुर्चीचा आहे. माझा महिन्याचा सगळ्यात मोठा आकडा भाड्याचा, आणि तो निघतो संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात. शाळा, क्लास, ऑफिस सुटून लोक येतात. चार खुर्च्यांचं एक टेबल त्या वेळी तासाभरात चार-पाचशे रुपये देऊन जातं. तिथे एकटा माणूस नव्वद रुपयांची कॉफी घेऊन, शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवून तीन तास बसला, की बाहेर ताटकळलेलं कुटुंब दुसरीकडे जातं. प्लग बंद केल्याने माझे अडीच रुपये वाचले असते आणि बसायला आलेला माणूस दुखावला असता. टेबल मात्र अडलेलंच राहिलं असतं, कारण हल्ली लॅपटॉपची बॅटरीच सहा-सात तास चालते.

बसणारे कोण आहेत, हेही हळूहळू कळत गेलं. बिर्ला कॉलेजची मुलं येतात. एमपीएससीचा, सीएचा अभ्यास करणारी येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची घरं वन रूम किचनची. आजी, लहान भाऊ आणि टीव्ही एकाच खोलीत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आहे, गावाने जपलेली मोठी संस्था आहे. शहरात अभ्यासिकाही आहेत. पण परीक्षा जवळ आल्या की अभ्यासिकांत जागा मिळत नाही, आणि जिथे शांतता पाळायची तिथे ऑनलाइन मुलाखत देता येत नाही. टाळेबंदीनंतर घरून काम करणारे वाढले. आठवड्यातून दोन-तीन दिवस लोकलचे धक्के टळले म्हणून ते खूश असतात, पण घरी बसायला कोपरा नसतो. शिवाय हल्ली लग्नाची स्थळंही कॅफेत बघतात. मुलगा डोंबिवलीचा, मुलगी ठाण्याची, भेट कल्याणला, घरच्यांच्या नजरेपासून लांब. त्या दोघांना तासाभरात उठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये.

दुरुस्तीसाठी महावितरणने दिवसभर वीज बंद ठेवली, की आसपासच्या सोसायट्यांमधून माणसं लॅपटॉप काखेत मारून धावत येतात. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यावर दिवे, पंखे आणि बाकाजवळचे प्लग चालतात. कॉफीचं मशीन चालत नाही, कारण त्याला एका दमात तीन किलोवॉट लागतात. अशा दिवशी मी गॅसवर दूध तापवते आणि फिल्टर कॉफी देते. एसी नसतो, लोक घामाघूम असतात, तरी काम चालू राहतं. कोणाचं पगाराचं काम अडलेलं असतं, कोणाची परीक्षा असते.

27 जुलै 2019 चा दिवस मी कधीच विसरणार नाही. उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. कर्जतकडच्या गाड्या बंद. कल्याणला अडकलेली माणसं ओल्या कपड्यांनी दुकानात शिरत होती, आणि बहुतेकांचा फोन बंद पडलेला. घरी कळवायचं कसं? मी काउंटरवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला, प्रत्येक फोनला नावाची चिठ्ठी लावली आणि पाळीपाळीने चार्जिंगला लावले. चहा मागेल त्याला दिला, पैसे कोणाकडेच मागितले नाहीत. त्या दिवशी माझं मत पक्कं झालं. प्लग हा मी विकायचा माल नाही. तहानलेल्याला पाणी देतात, तसाच तो द्यायचा.

मात्र एका गोष्टीला मी ठाम नाही म्हणते. पार्सल पोचवणारा एक मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घेऊन आला आणि टेबलाखाली लावू का, असं विचारू लागला. अशी बॅटरी एका वेळी दीड-दोन युनिट वीज घेते. पैशांपेक्षाही मला भीती आगीची होती. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर एवढ्याशा जागेतून लोकांनी बाहेर कुठून पडायचं? मी त्याला बसवलं, गार पाणी दिलं आणि कारण नीट समजावून सांगितलं. तो समजला.

काम करणाऱ्या पोराचं म्हणणं होतं की भिंतीवर पाटी लावू. पूर्वीच्या इराण्यांकडे आणि उडप्यांकडे अशा पाट्या असायच्याच. मुंबईत धोबीतलावच्या बस्तानी या इराणी हॉटेलातल्या सूचनांवरून कवी निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताही केली. पण पाटी सगळ्यांना एकाच सुरात दटावते. ज्याने काही केलेलं नाही, त्यालाही ती चोर ठरवते. म्हणून मी बोलायचं ठरवलं.

एका शनिवारी संध्याकाळी एक बाई, त्यांच्या सासूबाई आणि दोन मुलं दाराशी उभी होती. आत चारजणांच्या टेबलावर एक तरुण कानात हेडफोन घालून एकटाच बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, आजी उभ्या आहेत. तुम्ही बाकावर बसाल का? तिथेही प्लग आहे." तो चटकन उठला. "सॉरी ताई, माझं लक्षच नव्हतं," म्हणाला आणि आजींसाठी स्वतः खुर्ची ओढली. बहुतेक माणसं अशीच असतात. कोणीतरी सरळ, न रागावता सांगायला हवं, एवढंच. आपल्याकडे दुकानदार मनात कुढतो, पोऱ्या मुद्दाम टेबल पुसत राहतो, पंखा बंद करतो. गिऱ्हाईक अवघडतं पण उठत नाही. यात दोघांचाही मान जातो.

हा प्रश्न आपल्याच गावचा आहे असंही नाही. दक्षिण कोरियात कॅफेत बसून अभ्यास करणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या स्टारबक्सला डेस्कटॉप संगणक, प्रिंटर आणि मल्टीप्लग आणू नका, असं सांगावं लागलं. तरीही लॅपटॉप आणि फोन वापरायला मुभा ठेवली. मॉस्कोत 2011 मध्ये सुरू झालेल्या एका कॅफेत गिऱ्हाईक मिनिटांचे पैसे देतं आणि चहा-कॉफी त्यातच येते. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एकाने मलाही तसंच करायला सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. घड्याळ लावलं की वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत बसलेल्या दोन बहिणीही मिनिटं मोजू लागतील.

आता आमची रीत ठरली आहे आणि नव्या माणसाला पहिल्याच कॉफीबरोबर ती तोंडी सांगतो. काम किंवा अभ्यास करायचा असेल तर बाक. तिथे पाच प्लग आहेत, वायर पायात येत नाही. दीड-दोन तासांनी काहीतरी मागवायचं. खिशात नसेल तर वीस रुपयांचा चहाही चालतो. संध्याकाळच्या गर्दीत मोठी टेबलं मोकळी ठेवायची. फोनवर मीटिंग असेल तर हळू बोलायचं किंवा बाहेर पायरीवर जायचं. प्लग लावण्याआधी एकदा विचारायचं. मी नाही म्हणत नाही, पण विचारलं की बरं वाटतं. परीक्षेच्या दिवसांत दुकान सकाळी लवकर उघडते, कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि मुलांना निवांत बसता येतं.

यातून धंदा बुडाला नाही. बाकावरची मुलं दुपारी, जेव्हा दुकान एरवी ओस असतं, तेव्हा नियमाने मागवतात. संध्याकाळची टेबलंही फिरतात. तरी मार्च-एप्रिलमध्ये बाकावरची जागा पुरत नाही आणि काही मुलांना परत पाठवावं लागतं, तेव्हा वाईट वाटतं. सहा टेबलांचं दुकान गावाची अभ्यासिका होऊ शकत नाही. ते काम महापालिकेचं आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दर प्रभागात रात्री उशिरापर्यंत उघडी, पंखा-दिवा-प्लग असलेली आणि फोनवर बोलायला वेगळी खोली असलेली अभ्यासिका हवी. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि बाकावरच्या मुलांनाही सांगते की तुम्हीही मागा.