पडवीतला समुद्राकडचा दिवा

चिरंजीव नातवास अनेक उत्तम आशीर्वाद.

एलईडीचा दिवा इतकी कमी वीज घेत असताना किनाऱ्यावरच्या घरातील समुद्राकडचा दिवा लवकर का मालवला जातो, हा चिरंजीवाने विचारलेला प्रश्न हिशेबाचा वाटला, तरी त्याचे उत्तर हिशेबापाशी संपत नाही. परदेशात राहून तो विचारावासा वाटला, याचे आजोबांना फार समाधान आहे.

टंगस्टनची तार तापवून प्रकाश देणारा 60 वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला 9 युनिट वीज घेतो (हजार वॉटचे उपकरण तासभर चालवण्यास लागणारी वीज म्हणजे एक युनिट) आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेत वाया जातो. जवळपास तेवढाच उजेड 14 वॉटचा सीएफएल सुमारे 2 युनिटांत, तर 9 वॉटचा एलईडी दीड युनिटाहूनही कमी विजेत देतो. राज्यातील वीज अजून मुख्यतः कोळशावर होत असल्याने, 2015 च्या उजाला योजनेतून घरोघरी एलईडी गेले, ते चांगलेच झाले.

किनाऱ्यावर वीज मात्र सगळीकडे लवकर पोचली नाही. मुंबईसमोरच्या घारापुरी बेटाला समुद्राखालील केबलने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. तोवर तेथे संध्याकाळचे काही तास डिझेलच्या जनित्रावर उजेड असे. किनाऱ्यावरच्या या आपल्या घरात वीज आली ते वर्ष आजोबांच्या स्मरणात पुसट झाले आहे, परंतु चिरंजीवाच्या पणजीचा कंदील ठळक आहे. दिवेलागणीपूर्वी ती चुलीतील राखेने काच घाशी, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुशी आणि वात कात्रीने सरळ कापी, कारण वाकडी वात एका बाजूने भडकून काच काजळते आणि मग रॉकेल जळूनही उजेड पडत नाही. काम संपताच ती वात खाली करी. आता उजेड स्वस्त झाला म्हणून रिकाम्या अंगणातही रात्रभर दिवे जळतात, हे पाहवत नाही.

वीज वाचवणाऱ्या सीएफएलमध्ये मात्र काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटलेला दिवा खाडीकाठी फेकला, की तो पारा चिखलात उतरतो, तेथील जिवाणू त्याचे मिथाइल पारा या अधिक विषारी संयुगात रूपांतर करतात आणि लहान मासळीकडून मोठ्या मासळीकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते. 2016 च्या ई-कचरा नियमांत हे दिवे आले, तरी गावात ते वेगळे घेणारे कोणी नाही.

समुद्राकडचा दिवा मालवण्याचे कारण मात्र कासवे. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर, दिवेआगर येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. रात्री बाहेर पडणारी पिल्ले अधिक उजळ दिसणाऱ्या बाजूस, म्हणजे एरवी समुद्राकडे धावतात, पण घरांचा प्रखर उजेड त्यांना उलट जमिनीकडे ओढतो. पांढऱ्या एलईडीतील निळा अंश त्यांना विशेष भुलवतो, तांबूस प्रकाश कमी. त्यामुळे सर्वांत कमी वीज घेणारा दिवाही येथे चुकीच्या दिशेला लावला, तर अपाय करतो.

चिरंजीवाच्या परदेशातील घरात जुने सीएफएल असतील, तर ते संकलन केंद्रातच द्यावेत, जेवण वेळेवर करावे, मुलांशी मराठीतच बोलावे. फाल्गुनात सर्वांनी यावे. पिल्ले समुद्राकडे जाण्याचा तो हंगाम असतो आणि पतवंडांनी हा किनारा अजून पाहिलेला नाही.

आजोबांचे आशीर्वाद.