चकतीवाचून लिनक्स

अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: खाऱ्या हवेत सीडी ड्राइव्ह फार टिकत नाही. भिंगावर पुटं चढतात, ट्रे अर्ध्यावर अडकतो. चकत्यांचंही तेच. बेलीझच्या दमट हवेत सीडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर पोखरणारी बुरशी सापडल्याचं स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये जाहीर केलं, तेव्हा बाहेर नवल झालं. आमच्याकडे पावसाळा सरला की कपाटातल्या सीड्यांवर डाग दिसणं नेहमीचंच.

२००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीड्या मागितल्या की पोस्टाने फुकट घरी येत. ७०० एमबीत अख्खी सिस्टीम मावायची. आजच्या उबुंटू २४.०४ ची फाइल ५ जीबीच्या वर आहे, म्हणजे ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीतही ती बसत नाही. ड्राइव्ह धडधाकट असला तरी उपयोग काय?

तरीही गिऱ्हाईक विचारतं, ‘सीडीच नाही, तर लिनक्स टाकणार कसं?’ हा प्रश्न सध्या जास्त येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. नागावच्या होमस्टेमधला बुकिंगपुरता लॅपटॉप चांगला चालतोय, पण नव्या विंडोजच्या अटीत बसत नाही. असं मशीन भंगारात काढायचं कारण नाही.

सगळी मेख बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत आहे. त्या वेळी विंडोजही नसतं आणि लिनक्सही नसतं. बोर्डावरचं फर्मवेअर फक्त शोधत असतं की पुढचा कारभार कोणाकडे सोपवायचा. जुनं बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं. नवं यूईएफआय फॅट पार्टिशनवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधतं. ती सीडीवर आहे की पेनड्राइव्हवर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फक्त ती ठरलेल्या जागी हवी. म्हणूनच डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून काही होत नाही. ती रूफससारख्या साधनाने लिहावी लागते. मी व्हेंटॉय वापरतो. ते एकदा बसवलं की त्यावर हव्या तितक्या आयएसओ साध्या कॉपी करता येतात. लिहिण्याआधी डाउनलोडच्या पानावर दिलेला एसएचए-२५६ चा आकडा मात्र फाइलशी जुळवून घ्यावा, कारण रेंज येत-जात असताना उतरवलेली फाइल अर्धवट असू शकते.

मग डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. लिनक्स लगेच टाकायचं नाही, आधी ‘लाइव्ह’ चालवायचं. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, मराठी इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात का, हे मालकाला शेजारी बसवून बघायचं. बॅकअप झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर पार्टिशन लहान करावं लागतं, आणि ते काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. जूनच्या वाऱ्यात हे काम मी डेस्कटॉपवर इन्व्हर्टरशिवाय करत नाही.

काही म्हातारी मशीनं यूएसबीवरून उठतच नाहीत. तिथे दोन वाटा. पहिली पीएक्सईची: मशीन नेटवर्कच्या वायरीवरून पत्ता मागतं आणि सुरुवातीची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ओढतं. शाळेच्या लॅबला हीच सोयीची, प्रत्येक मशीनला पेनड्राइव्ह लावत फिरावं लागत नाही. दुसरी वाट म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, तिथे लिनक्स बसवायचं आणि डिस्क परत जागेवर आणायची. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असल्याने हे सहसा जमतं. पण ३२-बिट प्रोसेसर असेल तर पर्याय थोडेच उरलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

आणि प्रत्येकाला लिनक्स द्यावं असंही नाही. टॅलीवर किंवा श्रीलिपीवर ज्याचं रोजचं काम आहे, त्याला मी विंडोजच ठेवायला सांगतो. ज्याला ब्राउझर, मेल, बिलांचा तक्ता आणि प्रिंट एवढंच लागतं, त्याला नवा लॅपटॉप घ्यायला लावणं मला पटत नाही. त्याचं काम एका पेनड्राइव्हमध्ये आणि एका दुपारीत होतं.