बेहड्याचे भाडे

मार्च महिन्यात निपाणीहून सकाळच्या गाडीने निघालो, तेव्हा दुतर्फा तंबाखू निघालेली काळीभोर राने उन्हात पडली होती. तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव असे एकेक मागे पडत गेले आणि खानापूर सोडताच भूमीने जणू वस्त्र पालटले. माती तांबडी झाली, झाडी भाताच्या खाचरांना येऊन भिडली. हेम्माडग्याच्या वाटेला तर ऊन रस्त्यापर्यंत पोहोचेना. हे भीमगडचे अरण्य. त्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटर प्रदेश २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. म्हादईचा उगम याच रानातला.

परंतु अभयारण्याची सीमा धनेश पक्ष्याला कोण समजावणार? तालुक्यातील एका वाडीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. परसापलीकडे, त्यांच्या मालकीच्या जमिनीत, दोघांच्या कवेत न मावणारा बेहडा उभा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून टाकते, आणि नर एवढ्याशा फटीतून तिला व पिलांना महिनोन्महिने फळे भरवितो. (असे गृहस्थ माणसांतही विरळाच!) अशी ढोली जुन्या, थोराड झाडातच सापडते; नवे रोप लावून ती मिळत नाही.

यजमानांना झाडाची ममता होती. पण घरात मुलीचे लग्न ठरले होते आणि लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला होता. मालकीचे झाड तोडण्यासही कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते. ती मिळविण्याचे कामही त्याने अंगावर घेतले होते. मी पक्ष्याचे कौतुक करू लागलो तशी यजमान हसून म्हणाले, "गुर्जी, पाखरू ऱ्हातंय खरं, भाडं कोण देतंय?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. पण असे भाडे कोणी दिलेच नाही, असेही नाही. याच राज्यात, मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेळ्ळूर या गावी चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी लोकांच्या अंगणातील चिंचांवर घरटी करतात. पक्ष्यांसाठी चिंच झोडायची नाही, म्हणून वनखाते झाडाच्या धन्याला भरपाई देत आले. २००७ साली त्या स्थळाला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला.

अधिक जवळचे उदाहरण संगमेश्वरचे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदीच थोडे. डोंगरउतारांवरची झाडी बहुतांशी खाजगी मालकीची आणि दर काही वर्षांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीखाली जाणारी. तेथे पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने जमीनमालकांशी करार केले : रान तोडू नये, त्याबद्दल मोबदला घ्यावा. बेहड्याची फळे धनेशासाठी काही राखून गोळा करायची आणि बाकीची औषधासाठी चांगल्या दराने विकायची, अशीही सोय लावली. दूरच्या कोस्टा रिका देशात तर १९९७ पासून सरकारच इंधनावरील कराच्या पैशातून रान राखणाऱ्या मालकांना मोबदला देते.

आपल्याकडे मात्र पैसा उलट्या दिशेने वाहताना दिसतो. मे २०२५ मध्ये अभयारण्यातील तळेवाडीच्या सत्तावीस कुटुंबांना रान सोडण्यासाठी प्रत्येकी पंधरा लाखांपैकी दहा लाखांचे धनादेश देण्यात आले. शाळा, दवाखाना, रस्ता यांवाचून दिवस काढलेल्यांनी ते घेतले, यात त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. तरी रानातून जाण्याला किंमत असावी आणि रान राखून राहण्याला नसावी, हे मला खटकते.

दुसरी शंकाही मनात येते. देवराईतले झाड आपल्या वाडवडिलांनी कोणाच्या पावतीवाचून राखले. उद्या मोबदल्याचा हप्ता थकला, तर हिशेबाने राखलेले झाड हिशेबानेच पडणार नाही ना? शिवाय रक्कम लाकडाच्या भावाच्या जवळपास जाणारी नसेल, तर ती थट्टाच ठरेल.

संगमेश्वरची हकीकत मी यजमानांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि करार किती वर्षांचा असतो, पैसे वेळेवर मिळतात काय, असे नेमके दोन प्रश्न विचारले. व्यापाऱ्याला त्यांनी पिले उडेपर्यंत थांबायला सांगितले आहे. निरोप घेऊन मी अंगणात आलो, तेव्हा पंखांचा मोठा सपसपाट करीत नर बेहड्यावर उतरला; चोचीत उंबराचे फळ होते.