परदेशगमनाचा विचार

परदेशातील नोकरीचे बोलावणे आल्यापासून सहकुटुंब जावे की न जावे, हा एकच विचार आमच्या खंडाळ्याच्या घरी चालू आहे. वेतन तिकडे अधिक, यात वाद नाही. मुलांचे मराठी सुटेल, ही आमची पहिली शंका. परंतु तिला मॉरिशसचे उत्तर आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे गेले, त्यांत पुढे मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो, आणि गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. उसाच्या मळ्यांत राबून त्यांनी जे राखले, ते आम्हां शिकलेल्यांस राखवणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

खरा प्रश्न मातोश्रींचा आहे. त्या येणार नाहीत, आणि ‘जाऊ नका’ असेही म्हणत नाहीत. आजवर या घरचा माणूस फार तर पुण्या-मुंबईस गेला. दुखण्याचा निरोप आला की रातोरात परतला. परदेशातून पैसा पाठविता येईल, पाठीला हात देऊन उठविणारे माणूस पाठविता येणार नाही. म्हणून त्यांच्याजवळ कोण राहील हे ठरल्यावाचून होकार कळवावयाचा नाही, एवढे तूर्त आम्ही उभयतांनी ठरविले आहे.