समुद्र आणि उंबरठा

आम्ही बडोदेकर. घरची मुले विमानाने परदेशी जातात आणि दुसऱ्याच दिवशी पोहोचल्याचे कळवितात, तेव्हा आम्हांस आगबोटींचा काळ आठवतो. समुद्रगमन कलिवर्ज्य मानले जात असता श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८७ साली प्रथम युरोपचा प्रवास केला. मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे एडन, सुवेझ असा जलमार्ग. जाण्यातच आठवडे लोटत. परंतु त्या संथ वाटेने आमच्या नगरीस पुष्कळ दिले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेब आले आणि संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले गेले.

बडोद्याचीच शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर बोटीने न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन येणारी बोट महायुद्धात बुडाली. ते स्वतः मात्र सुखरूप पोहोचले. त्याच सप्टेंबरात ते नोकरीसाठी येथे आले, तो अस्पृश्य म्हणून त्यांस कोठेही बिऱ्हाड मिळेना. पारशी विश्रामगृहातून हुसकावले गेल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली विषण्ण होऊन बसले. ती जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

दोन महासागरांनी त्यांस वाट दिली. आमच्या उंबरठ्यांनी दिली नाही. समुद्र ओलांडणाऱ्यास आपण प्रायश्चित्त सांगत होतो. उंबरठ्यावर माणूस अडविणाऱ्यास मात्र कोणी सांगितले नाही. देवळाची पायरी चढताना आम्हांस हे आठवते.