भरिताचा दस्तरखान

देणे आमच्या घरांना नवे नाही. रमजान आला की जकातीचा हिशेब मांडला जातो, ईदच्या नमाजाआधी फितरा पोचता होतो, बकरी ईदला चामडी मदरशाला जाते. पण दावत द्यायची आणि जेवून उठलेल्या पाहुण्यापुढे डबा धरायचा, ही रीत आमच्याकडे नव्हती. "मेहमानाकडून पैसे घेणार?" दादींनी विचारले. त्यांना ते ऐकूनच कसेतरी झाले.

निमित्त पदयात्रेचे होते. मोहल्ल्यातली आणि कॉलेजातली मुले-मुली जळगावहून धुळ्याला तीन दिवसांत चालत जाणार होती. पाळधी, एरंडोल, पारोळा असे सुमारे ९० किलोमीटर. ज्याने त्याने किलोमीटरमागे रुपया, पाच रुपये कबूल करायचे आणि जमेल ते डायलिसिसच्या रुग्णांना द्यायचे. सरकारी योजनेत उपचार होतात हे खरे. पण आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठायचे, चार-चार तास यंत्राला जोडून राहायचे. सोबत येणाऱ्याचे भाडे, स्टँडपासूनची रिक्षा, बुडालेली मजुरी कुणाच्या हिशेबात धरायची? आमच्या गल्लीतल्या एका खालांनी नवऱ्याच्या या फेऱ्यांसाठी शिलाई मशीन विकले. ज्या मशीनवर घर चालत होते तेच गेले. तेव्हा हा खर्च आम्हाला कळला.

चालून पैसा उभा करणे ही काही आमची कल्पना नव्हे. १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स हा तरुण एका कृत्रिम पायावर कॅन्सर संशोधनासाठी धावला. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे होते. आणि आपल्या खानदेशाला तरी पायांची किंमत कुठे नवी आहे? १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा मुंबईहून ज्योत आणली ती माणसांनी पायीच.

जेवणावरून घरात बराच खल झाला. तरुण मंडळींना बिर्याणी हवी होती. बिर्याणी केली असती तर अर्धे पाहुणे आलेच नसते, किंवा आले असते आणि सरबत पिऊन गेले असते. थंडीचे दिवस, म्हणून भरीत ठरले. यावलकडच्या तडवी भाईंनी बामणोदची वांगी पाठवली. अंगणात पऱ्हाट्या पेटवून ती भाजली, शेजारच्या लेवा पाटील काकूंनी आपली बडगी दिली आणि त्यांच्याच देखरेखीखाली मिरची-लसणासकट वांगी कुटली गेली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. (तेल किती घालावे यावर काकू आणि आमच्या अम्मी यांचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही.)

पैशांचा प्रश्न मात्र भरिताहून अवघड. मौलानासाहेबांनी स्पष्ट सांगितले, जकात ज्याचा हक्क आहे त्याच्या हातात गेली पाहिजे. तिच्यातून वांगी आणि चालणाऱ्यांचे बूट आणता येणार नाहीत. शिवाय हा फंड सगळ्यांसाठी, आणि जकात बिगरमुस्लिम रुग्णाला चालत नाही, असेच बहुतेक उलेमा मानतात. नफली सदका कुणालाही देता येतो. म्हणून दोन डबे ठेवले. दावतीचा खर्च आम्ही घरातून केला. जाहीर देण्यापेक्षा गुपचूप देणे चांगले, ही शिकवणही होतीच. म्हणून वहीत नाव लिहायचे की नाही, हे देणाऱ्यावर सोपवले. एका हाजीसाहेबांनी मुलींच्या चालण्याला हरकत घेतली. यावर दोघी-तिघी आयांनी "मग आम्हीही चालतो" म्हणून विषय संपवला. आम्हाला तो निकाल आवडला.

त्या संध्याकाळी ऑफिसातले एक सहकारी आले. जळगावात जन्म गेला, पण या मोहल्ल्यात पाऊल पहिल्यांदाच टाकतो आहोत, असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात संकोच होता, आणि आमच्यापाशीही लगेच काही उत्तर नव्हते. दादी म्हणाल्या, "बेटा, सत्तरच्या आधी सगळे यायचे." १९७० च्या ८ मेला जळगावात जे घडले ते त्यांनी पाहिलेले आहे. धुळे तर त्यांचे माहेर. २०१३ च्या जानेवारीत तिथे पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मुले गेली, तेव्हापासून त्या तिकडे फारशा जात नाहीत. त्यापुढे कुणी बोलले नाही. काकूंनी दादींच्या ताटात आणखी भरीत वाढले. सहकाऱ्यांनी वहीत किलोमीटरमागे दहा रुपये लिहिले, नावासकट.

रात्री डबे उघडले. सदक्याचा जवळजवळ भरलेला होता. जकातीच्या डब्यात मोजक्याच नोटा निघाल्या, कारण जकात लोक रमजानसाठी राखून ठेवतात. त्यासाठी शाबानमध्ये वही घेऊन पुन्हा घरोघर जावे लागेल. हाजीसाहेबांचे घर यादीत पहिले आहे.